वाचकांचे प्रश्न : करंट दिसतो, पण गाडी सुरू होत नाही

या वेळच्या सदरात जुन्या स्कूटरच्या इग्निशनची पत्रे एकत्र घेतली आहेत. बहुतेकांच्या दारात चेतक, प्रिया किंवा सुपर आहे. काहींकडे लॅम्ब्रेटा आणि विजय सुपर आहेत, आणि एलएमएल एकच. उत्तरांतली मापे फक्त त्या-त्या गाडीसाठी आहेत, ती दुसऱ्या मॉडेलला लावू नयेत.

प्रश्न : वडिलांची १९८४ सालची पॉइंटवाली बजाज चेतक आहे. सकाळी किका मारून पाय दुखतो, पण ती सुरू होत नाही. ढकलली की लगेच सुरू होते आणि मग दिवसभर चालते. प्लग काढून सिलिंडरवर टेकवला तर करंट दिसतो, पण बारीक आणि पिवळसर. प्लग, पॉइंट, कंडेन्सर तिन्ही नवे टाकून झाले. आता मेकॅनिक बॅटरी बदला म्हणतो. बदलू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : बॅटरीचे पैसे खिशातच राहू द्या. पॉइंटवाल्या चेतकमध्ये (पॉइंट म्हणजे ठिणगीच्या क्षणी उघडणारी धातूच्या टोकांची जोडी) प्लगचा करंट मॅग्नेटवर, म्हणजे क्रँकवर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकावर, तयार होतो. बॅटरी बसवलेली असलीच तर ती हॉर्न-दिव्यांपुरती. ती काढून घरात ठेवली तरी इंजिन चालते.

ढकलल्यावर सुरू होते, हीच तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट आहे. किक मारताना इंजिन सावकाश फिरते, गिअरमध्ये ढकलताना त्यापेक्षा वेगाने. मॅग्नेट जितका जोरात फिरेल तितका कॉइलमध्ये जास्त करंट तयार होतो. म्हणजे पेट्रोल येते आहे, टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) फार बिघडलेले नाही, फक्त किकच्या वेगाला करंट पुरत नाही. रिंगा झिजून कॉम्प्रेशन गेले असेल तरी गाडी अशीच वागते, म्हणून ती शंका आधी फेडून घ्या. किक हाताने सावकाश दाबा. एका जागी ती ठणठणीत अडली पाहिजे. अडत नसेल तर पुढचे सगळे वाचण्याआधी सिलिंडर उघडा.

प्लग सिलिंडरवर टेकवून करंट बघण्याची पद्धत फसवी आहे. उघड्या हवेत ०.६ मिमीची फट ओलांडायला फार जोर लागत नाही. सिलिंडरच्या आत दाबलेल्या मिश्रणातून तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. बाहेर दिसणारा करंट आत दिसेलच असे नाही. त्यासाठी चाचणीचा प्लग घरीच करून ठेवा. जुन्या प्लगची वाकडी पट्टी हॅक्सॉने कापून टाका, म्हणजे मधल्या दांडीपासून कडेच्या पत्र्यापर्यंत मोठी फट राहते. हा प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग तांब्याच्या तारेने इंजिनला घट्ट बांधा आणि सावलीत किक मारा. निळसर-पांढरी ठिणगी ‘टच्’ आवाज करत उडाली तर करंट चांगला. ठिणगी नारिंगी, केसासारखी असेल किंवा उडतच नसेल, तर कमजोर. खरा प्लग त्या वेळी भोकात लावलेलाच ठेवा, नाहीतर भोकातून उडणारा पेट्रोलचा फवारा ठिणगीवर येईल. आणि कॅप नुसती लोंबत ठेवून कधीही किक मारू नका. बाहेर वाट मिळाली नाही की ते व्होल्टेज कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते, आणि चांगली कॉइल कायमची जाते.

करंट कमजोरच निघाला तर आधी फुकटातली कामे करा. प्लग कॅप फिरवून वायरपासून सोडवा. आत तांब्याचे टोक हिरवे किंवा काळे पडलेले दिसेल. एक सेंटिमीटर कापून ताजे तांबे उघडे करा आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवा. कॅपवर ५ किलोओहम छापलेले असेल तर मल्टिमीटरवर तेवढेच दाखवले पाहिजे. वीस-तीस हजार ओहम दाखवत असेल किंवा काटा हलतच नसेल तर ती फेकून द्या. एचटी वायर (एचटी कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर) तांब्याच्या तारांचीच हवी. कारची कार्बनवाली वायर कोणी बसवली असेल तर कॅपचा स्क्रू तिला नीट पकडतच नाही.

आता पॉइंट. नवे पॉइंट गंजू नयेत म्हणून त्यांना पातळ ओशट थर दिलेला असतो. तो पुसला नाही तर नवा पॉइंट जुन्यापेक्षा वाईट वागतो. पेट्रोलमध्ये बुडवलेली स्वच्छ कागदाची पट्टी दोन पॉइंटमधून ओढा, मग कोरडी पट्टी. पट्टी काळी येईनाशी होईपर्यंत ओढत राहा.

गॅप ०.४ मिमी ठेवा. ०.३ ते ०.५ ही टोकाची मर्यादा समजा. हा आकडा जपायचा कशासाठी, हे कळले तर निम्मे काम झाले. मॅग्नेट फिरताना आतल्या कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि मिटलेल्या पॉइंटमधून तो आतल्या आत घुमत राहतो. नेमका तो शिगेला पोहोचला की पॉइंट उघडतात, त्याची वाट बंद होते आणि तो झटक्याने बाहेरच्या एचटी कॉइलमध्ये शिरतो. त्या झटक्यातून प्लगची ठिणगी निघते. गॅप मोठा असेल तर पॉइंट लवकर उघडतात, लहान असेल तर उशिरा. दोन्ही वेळा शिगेचा क्षण चुकतो. झोपाळ्याला धक्का देण्याची वेळ चुकावी तसेच हे आहे, जोर तोच असून उपयोग कमी. म्हणूनच मॅग्नेटोच्या गाडीत नुसत्या चुकलेल्या गॅपने करंट अर्धा होऊ शकतो, मग एकेक पार्ट नवा असला तरी.

गॅप मोजायला फॅन कव्हर काढा. मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. हाताने मॅग्नेट फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडे होतील तिथे थांबा. स्क्रू थोडा ढिला करून गॅप लावा, स्क्रू आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळताना पट्टी सरकते, आणि गॅप बिघडण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. फिलर गेजची (गॅप मोजायच्या पट्ट्यांची) पाती आधी पुसून घ्या, तिच्यावरचे तेल पॉइंटवर लागते. पॉइंट जुने असतील तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार होते. पाती टेंगळावर टेकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. असे पॉइंट घासत बसू नका, बदला.

खिडकीतून दिसणारा फेल्टचा तुकडाही बघा. मॅग्नेटच्या गाभ्यावरच्या कॅमला तेल देण्यासाठी तो असतो. कोरडा पडला की पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप आपोआप कमी होतो आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. त्यावर तेलाचे दोन थेंब पुरेत. जास्त घातले तर ते उडून पॉइंटवर जाते.

पॉइंट उघडताना त्यांच्यात उडणारी ठिणगी दाबणे हे कंडेन्सरचे काम. तो ‘नवा’ म्हणजे दुकानात किती वर्षे पडून होता, हे कोणी सांगत नाही. अंधारात इंजिन चालू करून खिडकीतून बघा. पॉइंटवर बारीक ठिणगी दिसली तर हरकत नाही. सतत, लख्ख, निळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर काम करत नाही.

एवढे करूनही करंट पिवळाच असेल तर मॅग्नेट उतरवा. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरला की नट सुटतो. काही मॅग्नेटमध्ये नटाच्या बाहेर सर्कलिप असते. तिथे नट सोडता सोडता पुन्हा जड जातो. तसाच फिरवत राहिले की तोच मॅग्नेटला बाहेर ओढतो. सर्कलिप नसेल तर पुलर लागतो. हातोडी मारायची नाही. मॅग्नेट हादरला की ताकद गमावतो, आणि क्रँकची अलाइनमेंट जाते ती वेगळीच.

आत आर्मेचर प्लेटवरच्या (कॉइल आणि पॉइंट जिच्यावर बसतात ती मॅग्नेटमागची प्लेट) वायरी हाताने हळूच वाकवून बघा. चाळीस वर्षे इंजिनच्या उष्णतेत राहिलेले रबर पापडासारखे तुटते. उघडी तार इंजिनला कुठे ना कुठे टेकते आणि करंट तिथेच जमिनीला जातो. प्लेट सोडण्याआधी तिची आणि इंजिनची एकमेकांसमोर खूण करून ठेवा, नाहीतर टायमिंग पुन्हा शोधावे लागेल. इथे एक दिलासाही आहे. प्लेट फिरवली की कॉइल आणि पॉइंट एकत्रच फिरतात, त्यामुळे टायमिंग बदलते पण ठिणगीची ताकद बदलत नाही. ताकद गॅपवर आहे. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट केले तर दोन्ही कामे दोनदा होतात.

शेवटी मॅग्नेट स्वतः. आतल्या प्रत्येक पोलवर १०-११चा पाना लावून ओढा, तो चिकटून बसला पाहिजे. नुसता टेकून राहत असेल तर मॅग्नेट मेला आहे. होकायंत्र कडेने फिरवले तर दर पोलला सुई उलटली पाहिजे. जुन्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्यांकडे अजून मॅग्नेट चार्ज करून मिळतो. काढलेला मॅग्नेट उघडा फरशीवर ठेवू नका. पोलवरून लोखंडी पट्टी आडवी टाकून ठेवा, आणि बसवण्याआधी चिकटलेला लोखंडाचा कीस फडक्याने काढा.

चिपळूणच्या वाचकांना खाली सांगितलेली तपासणी तुम्हीही करा. पाच मिनिटांचे काम आहे आणि मॅग्नेट उतरवण्याआधी केलेले बरे.

प्रश्न : पावसाळ्यात बजाज सुपरचा करंट जातो. गाडी घरात वाळवली की दुसऱ्या दिवशी येतो. प्लग कॅपला रबरही बसवले. — चिपळूण

उत्तर : पॉइंटवाल्या गाडीत चावी किंवा स्टॉप बटन करंट ‘देत’ नाही, इंजिन बंद करताना तो जमिनीला ‘घालवते’. म्हणजे हँडलपासून इंजिनपर्यंत एक वायर आहे जी कुठेही ओली होऊन बॉडीला टेकली की इंजिन थोडेसे बंदच असते. स्विचच्या आत हिरवा थर साचला तरी तेच होते. पूर्ण शॉर्ट झाला तर करंट शून्य, ओलाव्यातून गळती झाली तर कमजोर. कोकणात ही दुसरी तऱ्हा नेहमीची.

इंजिनजवळच्या जंक्शनवर (वायरी जिथे जोडलेल्या असतात तिथे) स्टॉपची वायर सोडा आणि टोकाला टेप लावून बाजूला ठेवा. पाऊस पडत असताना चाचणीच्या प्लगवर करंट बघा. आता जोरदार आला तर दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरमध्ये आहे, मॅग्नेटला हात लावायची गरज नाही. वायर सुटी असताना इंजिन चावीने बंद होणार नाही. गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून बंद करा.

करंट तसाच राहिला तर अंधारात इंजिन चालू ठेवून एचटी वायर बघा. भेगांतून निळ्या बारीक ठिणग्या इंजिनवर उड्या मारताना दिसतील. तसे असेल तर वायर बदला. टेप गुंडाळून काही होत नाही.

प्रश्न : प्रिया सकाळी पहिल्या किकला सुरू होते, पण बारा-पंधरा किलोमीटर झाले की फटफट करून बंद पडते. अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू. पेट्रोल कॉक, जेट, टाकीच्या झाकणाचे भोक सगळे साफ केले. — सातारा

उत्तर : प्रिया तुमच्याच गावी, महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तयार होत असे. तिचे सामान ओळखणारे हात साताऱ्यात अजून सापडावेत.

झाकणाचे भोक तुम्ही तपासलेच आहे, तेव्हा संशय कंडेन्सरवर. मॅग्नेटच्या मागे तो इंजिनच्या उष्णतेत शिजत असतो. आतले इन्सुलेशन गरम झाल्यावर गळू लागते आणि थंड झाल्यावर सावरते. आतली कॉइलही असेच करते, पण तिच्यापेक्षा कंडेन्सर स्वस्त आणि आधी जाणारा.

रस्त्यावर बंद पडेल तेव्हा तिथल्या तिथे चाचणीच्या प्लगवर करंट बघा. करंट जोरदार असेल तर आम्ही सांगतो ते सगळे सोडा आणि पुन्हा पेट्रोलकडे वळा. कमजोर असेल तर कंडेन्सर बाहेर आणा. आतून येणारी वायर एचटी कॉइलच्या ज्या टर्मिनलला लागते, तीच विजेच्या दृष्टीने पॉइंट आणि कंडेन्सरला जोडलेली असते. म्हणून कंडेन्सरची वायर त्या टर्मिनलला आणि त्याचे बूड इंजिनच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या बोल्टखाली लावले तरी तो तेच काम करतो, फक्त गार हवेत. आतल्या जुन्या कंडेन्सरची वायर मात्र कापावी लागेल. तो शॉर्ट असेल तर बाहेरचा काय करणार? घेताना ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा पॉइंट इग्निशनचाच घ्या. पंख्याचा कपॅसिटर मापाने मोठा असतो, तो इथे लावू नका.

बाहेर कंडेन्सर लावूनही गरम झाल्यावर बंद पडली तर आतली इग्निशन कॉइल बदला. पुण्याच्या नाना पेठेतून मागवणार असाल तर जुनी कॉइल नमुना म्हणून पाठवा. एकसारख्या दिसणाऱ्या कॉइलचे लोखंडी टोक थोडे कमी-जास्त असते. ते मॅग्नेटला घासते किंवा फार लांब राहते, आणि लांब राहिले की करंट पुन्हा कमजोर.

प्रश्न : चेतक पूर्ण खोलून पावडर कोटिंग करून घेतली. इंजिन उघडलेही नव्हते, तरी आता करंट अगदी क्षीण आहे. आधी झकास होती. — इचलकरंजी

उत्तर : रंगाने वाट अडवली आहे. करंटला जायला एक वायर लागते तशी परत यायला धातूची वाट लागते, आणि पावडर कोटिंग उत्तम इन्सुलेटर आहे. एचटी कॉइलचा पत्रा ज्या बोल्टांनी बसतो तिथला, बोल्टाच्या डोक्याखालचा आणि इंजिनला येणाऱ्या अर्थ वायरच्या टोकाखालचा रंग उघड्या, चकचकीत धातूपर्यंत खरवडा. मग दातेरी वॉशर घालून आवळा. मल्टिमीटरची एक पिन कॉइलच्या पत्र्याला आणि दुसरी सिलिंडर हेडच्या बोल्टाला लावली तर शून्याच्या जवळ दाखवले पाहिजे.

बॉडी उतरवताना वायरी इकडच्या तिकडे झाल्या असण्याचीही शक्यता आहे. जंक्शनमध्ये दिव्याची वायर कॉइलला आणि कॉइलची दिव्याला गेली की नेमका असाच मरतुकडा करंट येतो. रंगांवर भरवसा नको. इतक्या वर्षांत कोणी कुठली वायर कशाने सांधली असेल याचा नेम नाही. दोन पॉइंटच्या मध्ये कागद सरकवून वायरीचे दुसरे टोक मीटरने शोधा.

प्रश्न : करंट निळा, कडक. तरी किक उलटी मारते आणि कार्बोरेटरमधून भडका येतो. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मॅग्नेटची चावी कापली गेली आहे. ही गाडीची चावी नव्हे, मॅग्नेट क्रँकवर नेमक्या जागी बसावा म्हणून खाचेत घातलेला लोखंडाचा छोटा तुकडा. व्हेस्पाच्या घराण्यात (चेतक, सुपर, प्रिया) पॉइंट उघडणारा कॅम मॅग्नेटच्याच गाभ्यावर आहे. मॅग्नेट क्रँकवर सरकला तर कॅमही त्याच्याबरोबर सरकतो. म्हणून करंट पूर्वीइतकाच कडक, पण भलत्या वेळी. किक मारू नका, घोटा मोडेल. मॅग्नेट उतरवून चावी बदला. दोन्हीकडचा टेपर (क्रँकचे निमुळते टोक आणि मॅग्नेटचे तसेच भोक) पेट्रोलने पुसून कोरडा करा, तेल-ग्रीस न लावता बसवा आणि नट पूर्ण ताकदीने आवळा. टेपरच पकड घेतो, चावी फक्त जागा दाखवते. नट ढिला राहिला म्हणूनच पहिली कापली गेली असणार.

प्रश्न : विजय सुपरचे पॉइंट दर पंधरवड्याला काळे पडतात. साफ केले की करंट येतो, परत जातो. — नाशिक

उत्तर : मॅग्नेट उतरवून आत बोट फिरवा. ओले, काळे, पेट्रोलचा वास येणारे तेल लागले तर मॅग्नेटच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील गेले आहे. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-ऑइलचे मिश्रणच असते, ते तिथून पॉइंटवर उडते आणि ठिणगीत जळून काजळी धरते. पॉइंट साफ करणे म्हणजे फक्त पुढच्या पंधरवड्याची सोय. आणि धोका काजळीचा नाही. त्याच सीलमधून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन धरतो. गाडी ॲक्सिलरेटर सोडल्यावरही काही क्षण चढीच राहत असेल तर आजच चालवणे बंद करा.

सील बदलताना बेअरिंगही हलवून बघा. क्रँकला खालीवर हालचाल असेल तर नवे सील टिकणार नाही, आणि मॅग्नेट आतल्या लोखंडी टोकांना घासून चकचकीत चट्टे पाडत असेल. पॉइंटचा गॅप तुमच्या गाडीला ०.३५ ते ०.४५ मिमी.

प्रश्न : इरिडियमचा किंवा दोन-तीन टोकांचा प्लग टाकला तर करंट वाढेल का? — नागपूर

उत्तर : नाही. प्लग करंट तयार करत नाही. वाढवायचे सोडा, कुणी चुकून लांब थ्रेडचा घातला तर पिस्टनवर आपटेल. चेतक घराण्याला १४ मिमी जाडीचा, १२.७ मिमी लांब थ्रेडचा आखूड प्लग लागतो, बी६एचएस किंवा बी७एचएस या मापाचा. गॅप ०.६ मिमी. निदानासाठी एक युक्ती चालते. गॅप ०.४ वर आणल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर करंट खरोखर कमजोर आहे. मूळ दोष काढला की पुन्हा ०.६ करा. प्लग ओला-काळा होत असेल तर आधी ऑइलचे प्रमाण मोजा. एका लिटरला २० मिली पुरे. अंदाजाने ‘थोडे जास्तच बरे’ म्हणून ओतणारे प्लगला विनाकारण दोष देतात.

प्रश्न : चेतक डावीकडे आडवी करून उभी केली की सुरू होते. करंटची वायर कुठे टेकत असेल का? — परभणी

उत्तर : करंटचा संबंध नाही. आडवी केल्यावर फ्लोट चेंबरमधले पेट्रोल हलते आणि पहिल्या किकला मिश्रण दाट मिळते. म्हणजे तुमची गाडी पेट्रोलला उपाशी आहे. फ्लोटची पातळी, स्टार्टर जेट आणि चोकची केबल बघा. चोक पूर्ण ओढूनही केबल ढिली असल्याने तो अर्धाच उघडतो, असे खूपदा होते. पिढ्यान्पिढ्या आडव्या केलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींना एवढ्यानेच आराम पडला असता.

प्रश्न : एलएमएल एनव्ही, पॉइंट नसलेली. करंट कधी येतो कधी जातो. दुकानदार म्हणतो सीडीआय बदला, पण त्याने तपासले काहीच नाही. — बेळगाव

उत्तर : सीडीआय, म्हणजे पॉइंटच्या जागी ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, आतून तपासता येत नाही, म्हणून सगळे आधी तोच विकतात. वास्तविक त्याला करंट पुरवणाऱ्या दोन कॉइल मीटरवर सहज तपासता येतात. इंजिनमधून येणाऱ्या लाल, हिरव्या आणि पांढऱ्या वायरी सीडीआयपासून सोडा. हिरवी-पांढरीत साधारण ५०० ओहम आणि लाल-पांढरीत साधारण ११० ओहम आले पाहिजेत. हे थंड इंजिनावरचे आकडे. इंजिन गरम असताना तांब्याचा विरोध वाढतो, ५००चे ५५० झाले म्हणून घाबरू नका.

आकडे बरोबर आले तरी मीटर लावलेला ठेवून वायरी इंजिनजवळ हलवा. आकडा उड्या मारत असेल तर पुण्याच्या चेतकसारखीच गत : वायरीचे इन्सुलेशन तुटले आहे. ‘कधी येतो कधी जातो’ याचे कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. आर्मेचर प्लेट काढून उष्णता सोसणाऱ्या वायरींनी नवे वायरिंग डाग देऊन करून घ्या. हिरव्या वायरीवरच चावीकडे जाणारी स्टॉपची वायरही असते, ती सोडून बघायला विसरू नका. हे सगळे निर्दोष असेल तरच ओळखीच्या कोणाची चालू गाडी गाठा आणि तिचा सीडीआय लावून बघा. विकत घेण्यापूर्वी. करंटची तपासणी प्लगशिवाय उघड्या कॅपने करू नका, सीडीआय एका किकमध्ये जळू शकतो.

प्रश्न : पॉइंटची कटकट नको. चेतकला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येईल का? — एक मराठी वाचक, वडोदरा

उत्तर : येईल, पण सेट पूर्ण घ्यावा लागेल : मॅग्नेट, आर्मेचर प्लेट आणि सीडीआय, एकाच गाडीचे. फक्त प्लेट बदलून जुना मॅग्नेट ठेवता येत नाही. सर्वांत मोठी अडचण क्रँकच्या टेपरची असते. मॅग्नेट वरवर बसला असे वाटते, पण टेपर जुळत नसेल तर तो एका कडेवरच टेकतो आणि महिन्याभरात चावी कापतो. बसवण्याआधी टेपरवर मार्करची शाई पातळ लावा, मॅग्नेट चावीशिवाय हाताने दाबून फिरवा आणि काढा. शाई संपूर्ण लांबीवर सारखी पुसली गेली पाहिजे. एकाच टोकाला पुसली गेली असेल तर तो मॅग्नेट तुमच्या क्रँकचा नाही, कितीही स्वस्त मिळत असला तरी परत करा.

दिव्यांचाही विचार करा. इलेक्ट्रॉनिक सेट बहुधा १२ व्होल्टचे असतात, तुमचे बल्ब आणि हॉर्न ६ व्होल्टचे. रेग्युलेटर बसवून सगळे बल्ब आणि हॉर्न एकाच दिवशी बदला, नाहीतर पहिल्याच फेरीत हेडलाइट उडेल. जुने पॉइंट, प्लेट, मॅग्नेट आणि एचटी कॉइल मात्र विकू नका. मॅग्नेटच्या पोलवर पट्टी टाकून डब्यात ठेवा. सीडीआय गेला तर नवा मिळेपर्यंत गाडी पुन्हा पॉइंटवर चालवता येते.